शनीच्या पुढे कुणी आलं नाही

लातूरच्या माझ्या भांड्यांच्या दुकानात गल्ल्याच्या वर बुद्धाची तसबीर आहे आणि तिच्या शेजारी आणखी एक फोटो आहे. काळ्याभोर पार्श्वभूमीवर एक तपकिरी गोळा, त्याच्या अंगावर दुधाची साय सांडावी तसा पांढुरका डाग, आणि वरच्या कोपऱ्यात एक करडा, लहान गोळा. गिऱ्हाईक बाया डब्यांचा भाव करता करता वर बघतात आणि विचारतात, कुठला देव आहे हो हा. काही जणी नकळत हात जोडतात. एकीनं तर, माझी कढई कमी भावात मिळाली म्हणून त्या फोटोच्या पाया पडून वर मला सांगितलं की नवसाला पावणारा दिसतो. मी कुणाला काही समजावत बसत नाही. घरचं माणूस आहे एवढंच म्हणते. मी तोंडाची तिखट आहे, हे गोलाईच्या बाजारात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे दुसरा प्रश्न सहसा येत नाही. पण आता हे सगळं लिहायला बसलेच आहे, तर त्या फोटोचं सांगायला हवं. ते सांगायचं तर बिलोली तालुक्यातल्या आमच्या गावी जावं लागेल, आणि मला तिथं जायला आवडत नाही.

आमची वस्ती गावाच्या बाहेर, ओढ्याच्या पलीकडे होती. बा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचा, माय दुसऱ्याच्या रानात खुरपायला. घरात माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी बहीण होती. नाव रत्नमाला, मी आक्का म्हणायची. आमच्या घराचा आवाज म्हणजे तिचा आवाज. सकाळी विहारातली वंदना संपली की ती चुलीपुढे बसायची आणि भाकरी थापता थापता धडे म्हणायची. थाप पडली की शब्द, थाप पडली की शब्द. नदीकाठची गावं, फुलाचे भाग, पाण्याचं बाष्प कसं होतं, सगळं त्या तालात. मला अजूनही भाकरीच्या थापेचा आवाज आला की पाठोपाठ काहीतरी शाळेतलं ऐकू येईल असं वाटतं. अंबाडीची भाजी, वर तेलात तडतडलेला लसूण, आणि आक्काच्या तोंडून सूर्यमाला. मी भाकरी मोडत म्हणायची, आक्का, गुरूनंतर कोण. ती म्हणायची, आधी त्वांड पूस.

शाळा गावात होती. आम्ही ओढा ओलांडून जायचो. तिथं विज्ञान शिकवायला कंधारकर सर आले तेव्हा ते तरुणच होते. अंगानं किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम खडू. सर वाईट नव्हते. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढं लिहिताना माझ्याच्यानं ते लिहवणार नाही. ते पोरांना मारत नसत. पाणी आमच्या हातचं पीत. आक्काला त्यांनी आपल्या पिशवीतलं एक पुस्तक घरी न्यायला दिलं होतं. त्यात एका पानावर आकाशाचा फोटो होता, नुसत्या ठिपक्यांचा, आणि एका ठिपक्याकडे बाण दाखवला होता. बाणाखाली लिहिलं होतं प्लुटो. आक्का ते पान उन्हात धरून बघायची. मी म्हणायची, "ह्ये तर माशीनं घान केल्यासारखं दिसून ऱ्हायलंय." ती म्हणायची, "ज्याच्याकडं लांबून बघत्यात त्यो असाच दिसतो, शेवंते. जवळ जाऊन कुनी बघितलाच न्हाई त्याला."

त्या वर्षी शाळेची मोठी तपासणी ठरली. नांदेडहून साहेब येणार होते. सरांनी एक दिवस बाला शाळेत बोलावलं. बा पायातल्या वहाणा व्हरांड्याबाहेर काढून खांबाला टेकून उभा राहिला, मी त्याच्या धोतराला धरून. सर म्हणाले, नांदेडला मुलींचं सरकारी वसतिगृह आहे, साहेब त्याच्या समितीवर आहेत. त्यांनी रत्नमालेचं बोलणं एकदा ऐकलं की तिची जागा पक्की. पुढं मॅट्रिक, मग डी.एड., तुमची मुलगी बाई होईल शाळेत. बा म्हणाला, "सर, माजं कायबी म्हननं न्हाई. पर लातूरचा तिचा मामा पोरासाठी हिला मागून बसलाय. माजी बायकू रोज कानाशी तेच करून ऱ्हायली. सायबानं सोताच्या तोंडानं म्हनलं की पोरगी धाडा, तर मला मामापुढं बोलाया त्वांड ऱ्हाईल. न्हाईतर उन्हाळ्यात लगीन." सर म्हणाले, "साहेब म्हणतील. ती जबाबदारी माझी." हा शब्द माझ्या कानांनी ऐकलेला आहे. व्यवहारात मी लेखी काही मागत नाही, माणसाचा शब्द लक्षात ठेवते. त्याची सवय तिथूनची.

सरांनी साहेबांना दाखवायला सूर्यमाला उभी करायची ठरवली, आणि खरीखुरी करायची ठरवली. भिंतीवर गोल काढून रेघा मारायच्या नाहीत. सूर्य ज्या मापाचा धरायचा त्याच मापात ग्रह, आणि त्याच मापात अंतर. सूर्य म्हणून पाटलांच्या घरचं तांब्याचं घंगाळ आणलं, चिंच लावून घासलेलं. पाटलांनी ते दिलं, पण आमचाच पोरगा ते धरून उभा राहील या अटीवर, म्हणून ढ असूनही पाटलाचा बाळू सूर्य झाला. घंगाळ सूर्य, तर पृथ्वी ज्वारीचा दाणा. गुरू म्हणजे मोठं लिंबू, शनी त्याहून थोडं लहान लिंबू, कागदाची कडी घातलेलं. युरेनस आणि नेपच्यून म्हणजे बोरं. आणि प्लुटो म्हणजे मोहरी. सरांनी पावलं टाकत टाकत सगळ्यांच्या जागा ठरवल्या. पहिले चार शाळेच्या मैदानात आणि फाटकापाशी बसले. गुरू पिठाच्या गिरणीपाशी गेला. शनी मारुतीच्या पारापाशी. मग गाव संपलं. युरेनस रानाच्या बांधावर, नेपच्यून ओढ्याच्या अलीकडे, आणि प्लुटो ओढा ओलांडून, आमची वस्तीसुद्धा मागे टाकून, माळावरच्या बाभळीखाली.

मोहरी त्यांनी आक्काच्या तळहातावर ठेवली. म्हणाले, सगळ्यात चांगलं बोलणारं शेवटी असावं. पाहुणे एकेका ग्रहापाशी चालत येतील, प्रत्येक जण आपली माहिती सांगेल, आणि शेवटी साहेब तुझं ऐकतील, ते त्यांच्या कानात राहील.

मी लहान होते, पण मला तेव्हाही माणसाची चाल कळायची. लांबून आलेलं गिऱ्हाईक किती दुकानं फिरेल आणि कुठं बसकण मारेल, हे मी आज नुसत्या पायांकडे बघून सांगते. मी व्हरांड्यात सरांना गाठलं. मी म्हणाले, "सर, आक्काला वढ्याच्या अलीकडं आना की."

"का गं?"

"सायेब तितकं चालायचे न्हाईत."

सर हसले. म्हणाले, पृथ्वी ज्वारीचा दाणा धरली की प्लुटो तिथंच येतो, मी पावलं मोजली आहेत.

"मग दाना बारका धरा."

"त्याहून बारका दाणा साहेबांना दिसायचा नाही."

"मग तिला निम्म्यावर हुबी करा, आन तोंडानं सांगा की हाय त्याच्या दुप्पट लांब हाय म्हनून."

तोवर बाकीची पोरं जमली होती. सर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ग्रह भाव करून अलीकडं येत नसतो, शेवंता." सगळे हसले. आक्काही हसली. माझ्या जन्मातली ती पहिली घासाघीस, आणि मी ती हरले. पुढं मी मोठमोठ्या व्यापाऱ्यांना नमवलं, भांड्यांच्या मोडीचे सौदे केले, माझ्यापुढं पुरुष घाम पुसत उठून गेले. पण जो एक सौदा जिंकायला हवा होता तो गेला, आणि माझं म्हणणं बरोबर असताना गेला. राग त्याचा आहे.

पुढचे दिवस घरात दुसरं काही नव्हतं. आक्का भाकरी थापताना, पाणी आणताना, माझी वेणी घालताना भाषण म्हणायची. सरांनी लिहून दिलेलं तिला पसंत पडलं नाही, तिनं आपल्या मनानं बदललं. माझी वेणी ती इतक्या जोरात ओढायची की प्लुटोचं एक वर्ष किती लांब असतं हे मला डोक्याच्या कातडीनं पाठ आहे. मायला हे सगळं आवडत नव्हतं, पण तीसुद्धा एकदा कांदा चिरताना आपल्याशीच म्हणाली, "सूर्य चांदनीयेवढा दिसतो, बाई." फक्त शेवटचं वाक्य आक्का घरात म्हणत नसे. मी पाठी लागले की म्हणायची, "ते सायबाचं हाय. तुला फुकट कामून सांगू?"

त्या दिवशी मायनं तिच्या केसांना तेल लावलं आणि स्वतःचं चांगलं लुगडं फाडून केलेली ओढणी तिला दिली. होळी जवळ आली होती, ऊन तापायला लागलं होतं. मला कुठलाच ग्रह नव्हता. मी लहान वर्गातली, आणि सूर्यमालेत जागा नव्हती. म्हणून आक्कासाठी पाण्याचा तांब्या घेऊन मी तिच्याबरोबर बाभळीपाशी गेले. बाभळीला सावली असते म्हणणं म्हणजे चाळणीत पाणी असतं म्हणण्यासारखं आहे. आक्का ओढणी डोक्यावर घेऊन, उजव्या हाताची मूठ बंद करून गावाकडे तोंड करून उभी राहिली. मी तिच्याकडे तोंड करून बसले. म्हणाले, मूठ सोड की जरा. म्हणाली, "वाऱ्यानं गेली तर? मंग काय दाखवू सायबाला?"

जीप आल्याचा धुरळा दिसला. मग बँडचा आवाज आला, मग शांतता, मग टाळ्या. पहिले चार ग्रह पटापट झाले असणार. मी बाभळीच्या फांदीवर चढून बसले आणि आक्काला सांगत राहिले. आता गिरणीपाशी आले. आता गिरणी बंद केली, गुरूचं भाषण चाललंय. आता पाराकडं निघाले. पांढरे कपडे, त्यांच्या मधे सरांचा निळा शर्ट. पारापाशी ते सगळे थांबले. बराच वेळ थांबले. मग पांढरे कपडे वळले. आक्का खालून म्हणाली, "आले का गं बांधावर?" मी म्हणाले, "येत्यात." आणि खाली उतरून पळाले.

वाटेत नेपच्यून नव्हता. भूक लागली म्हणून तो घरी गेला होता, बोर खाऊन. पारापाशी शनी झालेला गोविंदा एकटा उभा होता, कागदाची कडी हातात. त्यानं मला सांगितलं काय झालं ते. त्याचं भाषण संपलं तेव्हा पाटील साहेबांना म्हणाले, "सायेब, शनी झाला. शनीच्या फुडं कोन जातंय? उगं साडेसाती मागं लागायची. पानं वाढल्यात." सगळे हसले. साहेबही हसले, म्हणाले, हे बाकी खरं. सर म्हणाले की पुढं आणखी तीन आहेत. पाटील म्हणाले, "तुमचे ग्रह काय पळून चाललेत का, सर? जेवल्यावर बघू."

मी पाटलांच्या दारात गेले. ओसरीवर पंगत बसली होती, पुरणपोळीवर तूप. सर वाढायला होते, हातात पाण्याची झारी. मी पायरीखालूनच मोठ्यानं म्हणाले, "सायेब, माजी बहीन हुबी हाय. लई चांगलं बोलती. तुमी बसून जावा जीपमदी, वढ्यापोतर जीप जाती." साहेबांनी वर बघितलं. पाटलांचा गडी म्हणाला, "ए पोरी, हिकडं कुठं शिरून ऱ्हायली?" मी म्हणाले, "मी कुठं शिरले, खालीच हाय." सरांनी माझ्याकडे बघितलं आणि मग झारीकडे बघितलं. म्हणाले, "जेवणं होऊ दे, शेवंता. जा तू."

जेवणं झाली. पान झालं. मी बाहेर कडुनिंबाखाली बसून होते. जीप दाराशी आली, साहेब बसले, आणि जीप नांदेडच्या रस्त्याला लागली. नांदेडचा रस्ता गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी मागून पळाले, पण जीपच्या मागं पळून कुणाला काय मिळालं आहे. कुणी वळून बघितलं नाही. पाटलाचा बाळू घंगाळ डोक्यावर घेऊन घरात गेला, सूर्य मावळला. सर शाळेकडे गेले. ओढ्याकडे नाही.

मी परत गेले तेव्हा गुरं घराकडे निघाली होती. आक्का तशीच उभी होती. तांब्यातलं पाणी तिनं प्यायलं नव्हतं, मधेच साहेब आले तर तोंड पुसत बोलावं लागेल म्हणून. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "गेले?"

"हाव."

"सर?"

"न्हाई आले."

माझी समजूत अशी की ती रडेल. ती रडली नाही. तिनं ओढणी नीट केली, मला म्हणाली, तिकडं हुबी ऱ्हा, आणि सगळं भाषण मला म्हणून दाखवलं, शेवटच्या वाक्यासकट. रिकाम्या माळावर, शाळेतल्या शुद्ध भाषेत, हात बाजूला सरळ ठेवून. माझ्यामागून गुरं चालली होती. मग तिनं मूठ उघडली. घामानं मोहरी तळव्याला चिकटली होती. घरी जाऊन तिनं ती मायच्या मोहरीच्या डब्यात टाकली. माय काही वाया जाऊ देत नसे. कुठल्यातरी दिवशीच्या फोडणीत प्लुटो गेला असणार, आणि आम्ही तो खाल्ला असणार.

उन्हाळ्यात लग्न झालं. बा दोन-तीनदा म्हणाला, सर येऊन एक शब्द बोलले असते तरी मी मामाला थोपवलं असतं. सर आले नाहीत. त्यांची बदली झाली म्हणून कळलं. आक्का लातूरला गेली. मामाच्या घरचे वाईट नव्हते, पण काम एवढं की तिच्यापेक्षा बैलाचे हाल बरे. पहिली मुलगी झाली. दुसऱ्या बाळंतपणात मायनं मला मदतीला म्हणून लातूरला धाडलं. मी गेले तेव्हा ती अंगणात भाकरी थापत होती, आणि थापेबरोबर काहीच म्हणत नव्हती. ते बाळंतपण तिनं पार केलं नाही. बाळही नाही. मी तिथंच राहिले, तिच्या मुलीसाठी. डोक्यावर टोपली घेऊन जुन्या कपड्यांवर भांडी देत गल्ल्या फिरले, बायांशी भांडले, एकेक डबा, एकेक पातेलं करत दुकान उभं केलं. दुकानावर तिचं नाव घातलं. रत्नमाला स्टील सेंटर. लोकांना वाटतं मीच रत्नमाला. वाटू दे.

मधे एकदा पेपरात आलं होतं की परदेशातल्या विद्वानांनी बसून मतं घेतली आणि प्लुटोला ग्रहांतून काढून टाकलं, आता तो बटुग्रह. त्या दिवशी मी दुकानात तीन गिऱ्हाइकांशी भांडले. आक्काची मुलगी तेव्हा शिक्षिका झालेली होती, ती म्हणाली, मावशी, त्याला काय फरक पडतो, तो आहे तिथंच आहे. मी म्हणाले, ज्याला पंगतीतून उठवलं त्याला विचार.

मग काही वर्षांनी पावसाळ्याच्या दिवसांत एक म्हातारा माणूस दुकानात आला. मागं त्याची मुलगी होती, लातुरातच दिलेली. नव्या तांब्यावर नाव घालायचं मशीन चालू होतं, त्याच्या घरघरीत त्याचं बोलणं मला ऐकू आलं नाही. मी पोराला मशीन बंद करायला सांगितलं. म्हातारा म्हणाला, "बाहेर पाटी बघितली. रत्नमाला आहे का? बिलोलीकडची?"

खिशात खडू नव्हता, पण मी ओळखलं.

"न्हाई," मी म्हणाले. "जाऊन लई वर्षं झाली."

ते स्टुलावर बसले. त्यांच्या मुलीनं पाणी मागितलं, मी दिलं. मग त्यांनी पिशवीतून फोटो बाहेर काढले. म्हणाले, "एक यान पाठवलं होतं. नऊ-साडेनऊ वर्षं जात होतं. पोचलं. हे बघ, हा त्याचा चेहरा. मला वाटलं कुठं भेटली तर तिला दाखवावं. पाटी दिसली म्हणून..."

मी चष्मा लावला. ज्या ठिपक्याला मी माशीची घाण म्हणाले होते तो हा. त्याच्या अंगावर बर्फाचे डोंगर होते, सपाट माळ होते, आणि तो पांढुरका भाग बदामाच्या आकाराचा. सर दाखवत गेले. तिथल्या डोंगरांना, खड्ड्यांना आता नावं घातली आहेत, म्हणाले. भांड्यावर घालतो तशी. मी वरच्या कोपऱ्यातल्या करड्या गोळ्यावर बोट ठेवलं. हा कोण?

"त्याचा चंद्र. आणखी बारके चार आहेत, पण हा मोठा. तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं. तुमच्या पुस्तकात चंद्र नाही असंच होतं. अगदी जवळ असतो, आणि दोघं कायम एकमेकांकडे तोंड करून फिरतात. हा त्याला पाठ दाखवत नाही, तो ह्याला."

"मी तिथंच होते, सर," मी म्हणाले. "तांब्या घेऊन. दिवसभर."

त्यांनी मान खाली घातली. शेवटचा फोटो माझ्यापुढं सरकवला. काळा गोल, आणि त्याच्या कडेनं निळसर उजेडाचं बारीक कडं. "यान तिथं थांबू शकत नव्हतं. वेगात पुढं निघून गेलं. पण जाताना मागं वळून हा एक काढला."

"यंत्राला सुचलं बघा."

त्यांच्या मुलीला ते लागलं, ती म्हणाली, बाबांची तब्येत बरी नसते. सरांनी तिला हातानं थांबवलं. म्हणाले, "मी तिला शेवटी ठेवली ती मान म्हणून. खरं सांगतो."

"ते मला ठाऊक हाय. शेवटी ठेवल्याचा राग न्हाईच माझा. त्या दिवशी वढा वलांडून दोन शब्द सांगायला यायचं होतं तुमी. बा वाट बघत होता. ती वाट बघत होती."

"तोंड नव्हतं, शेवंता."

"तुमाला तोंड नव्हतं, आन तिचं गेलं."

मी त्यांना माफ केलं असं इथं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. नाही केलं. अजूनही नाही. सर त्यानंतर दोनेक वर्षांत गेले, त्यांच्या मुलीनं कळवलं, आणि मी गेले नाही. पण त्या दिवशी ते फोटो गोळा करून पिशवीत भरायला लागले तेव्हा मी म्हणाले, हे मला पाहिजेत. ते म्हणाले, माझ्याकडे एवढेच आहेत, मुलानं परदेशातून नातवाच्या हाती दिले होते, पण घे, तुझेच आहेत. मला फुकट घ्यायची सवय नाही. मी म्हणाले, "तसं न्हाई. भाषण ऐका, मग फोटो मी घेते."

त्यांना ते कळलं नसावं. मी गल्ल्यामागून बाहेर आले. पोराला म्हणाले, मशीन लावू नको. दारात दोन बाया आल्या होत्या, त्यांना थांबवलं. भांड्यांच्या उतरंडीपुढे हात बाजूला सरळ ठेवून उभी राहिले. मी पन्नाशी ओलांडलेली, अंगानं जाड, गुडघे दुखणारी बाई. पण मला सगळं येत होतं. माझ्या वेणीत गुंफलेलं होतं ते.

"सन्माननीय पाहुणे, मी प्लुटो. सूर्यापासून सर्वांत दूर असलेला ग्रह. इथून सूर्य एका चांदणीएवढा दिसतो. त्याचा उजेड माझ्यापर्यंत यायला कितीतरी तास लागतात, पण तो येतो. मला चंद्र नाही."

सरांचा हात उठला, शाळेत चूक झाली की उठायचा तसा. मी म्हणाले, "मधी बोलू नका. तिनं म्हटलं तसंच म्हणणार." हात खाली गेला.

"मला चंद्र नाही. माझं एक वर्ष पूर्ण होईतो तुमच्या पिढ्या जातात. माझा चेहरा अजून कुणी पाहिलेला नाही. सगळ्यात मोठ्या दुर्बिणीतूनसुद्धा मी ठिपकाच दिसतो. म्हणून मी नाही, असं समजू नका. सूर्यानं मला सोडलेलं नाही, आणि मीही माझी वाट सोडलेली नाही."

इथवर ती घरात म्हणायची. इथून पुढचं तिनं एकदाच म्हटलं होतं, माळावर, माझ्यापुढं, गुरं घरी जात असताना. स्टुलावरचा म्हातारा उठून उभा राहिला होता, स्टीलच्या घागरीला धरून. मी आक्काचं शेवटचं वाक्य म्हटलं, ज्यांचं होतं त्यांच्यापर्यंत जे कधी पोचलं नाही ते.

"माझ्यापर्यंत सहसा कुणी येत नाही. आज आपण इतक्या लांब चालत आलात, आपले पाय दुखले असतील. थोडं बसा. माझ्या बहिणीजवळ पाणी आहे."